तोफेच्या तोंडचा धूर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जगतपुरा, जयपूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते येथे उपस्थित आहेत. आमच्या वाट्यास लहानसाच विषय आला आहे. गेल्या गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यात जो रणगाडा होता, त्याच्या नळीतून धूर कसा निघाला हे सांगावे, अशी बालमंडळींची आज्ञा आहे.

देखावा होता बसंतरच्या लढाईचा. तो निवडण्यास कारण होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढच्या आघाडीवर सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, आणि तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग मारवाडातील जसोलचे. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर याच रेजिमेंटचे, आणि ते जन्माने मुंबईचे. राजस्थानात राहणाऱ्या मराठी मुलांना आपली दोन्ही घरे एकत्र दाखविणारा याहून उचित प्रसंग आम्हांस सुचला नाही.

बाजारातून आणलेला १:१६ प्रमाणाचा, रेडिओवर चालणारा रणगाडा मुलांनी पुठ्ठा चढवून सेंच्युरियनसारखा सजविला. तो मागच्या बाजूने इंजिनाचा धूर सोडी. परंतु तोफ झाडताना आवाज होई, नळी मागे सरके, आणि तोंडाशी काहीच दिसत नसे. मुलांचे समाधान होईना.

आता हा धूर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. तो खरा धूर नव्हेच. ग्लिसरिनात भिजलेल्या वातीभोवती नायक्रोमची तार गुंडाळतात. तार तापली की ग्लिसरिनाची वाफ होते, आणि ती गार हवेस भेटताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात. आपणांस दिसते ते धुके. इंजिनाच्या धुराला ते मंद व अखंड निघाले तरी चालते. तोफेला मात्र एकच लोट हवा, आणि तोही आवाजाच्या क्षणीच.

आमचा पहिला प्रयत्न पुरता फसला. मागच्या धूरयंत्रापासून एक लांब, बारीक नळी आम्ही तोफेपर्यंत नेली. १०५ मिलिमीटरची खरी तोफ १:१६ प्रमाणात जेमतेम साडेसहा मिलिमीटरची होते. आतली नळी त्याहून बारीक. एवढ्या लांबच्या प्रवासात धुके नळीच्या भिंतीवरच निवाले, आणि तोफेने धूर सोडण्याऐवजी लाळ गाळली. मुले पोट धरून हसली, आम्हीही हसलो.

मग ध्यानात आले की वाफ तोफेच्या जवळच तयार व्हावी आणि तिला मागून हवेचा धक्का मिळावा. परदेशातील छंदिष्ट यासाठी विजेच्या सिगारेटमधील तार वापरतात. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने त्या वस्तूस बंदी आहे, आणि ती मुलांच्या हाती देणे आम्हांस रुचलेही नसते. आम्ही साधी तारच गुंडाळली. तिचा रोध चार ओहम, बॅटरी ७.२ व्होल्टची, म्हणजे प्रवाह १.८ अँपिअर. एवढा प्रवाह रेडिओच्या नाजूक पट्टीस सोसणारा नव्हता, म्हणून मधे रिले बसविला. बुरुजाचे प्लास्टिक वितळू नये यासाठी तारेभोवती जुन्या इस्त्रीतील अभ्रकाचा पत्रा लावला. हवेसाठी एका आजींच्या बिघडलेल्या रक्तदाबयंत्रातील चिमुकला पंप कामी आला. नळी मागे सरकते तेव्हा ओढ बसू नये म्हणून जोडास सिलिकॉनची मऊ, आखूड नळी वापरली. खटका दाबला की तीन सेकंद तार तापावी, मग आवाज, नळीचा झटका आणि अर्धा सेकंद पंप, असा क्रम ठरला.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका संध्याकाळी वात कोरडी पडली, तार तापतच राहिली आणि खोलीत उग्र, डोळ्यांस झोंबणारा वास पसरला. एक लहान मुलगा खोकू लागला. ग्लिसरिन अति तापले की त्यातून घातक वायू निघतो, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही देखरेखीत ढिलाई झाली. त्याच्या आईने आम्हांस ऐकविले ते योग्यच होते. त्यानंतर चार सेकंदांनी तार आपोआप बंद होईल अशी सोय केली. वात भिजविण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे आले आणि खिडक्या उघड्या ठेवण्याचा नियम झाला.

या कामात आणखी एक लाभ पदरात पडला. आमची मुले आपसांत हिंदीच बोलतात. परंतु वात, खटका, झडप, निवणे हे शब्द हातातल्या कामाबरोबर त्यांच्या तोंडी बसले. पंपाला काय म्हणावे यावर वाद चालला असता त्याच आजी म्हणाल्या, "अरे, ही तर फुंकर!" तेव्हापासून तो पंप फुंकरच झाला.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नव्हता. धूर साधल्यावर मुले म्हणाली, "काका, आता रणगाडाच पेटलेला दाखवू या!" खेतरपालांचा 'फामागुस्ता' रणगाडा खरोखरच पेटला होता. बाहेर पडण्याचा आदेश मिळूनही, तोफ अजून चालते आहे म्हणून ते आतच राहिले. वय होते अवघे एकवीस. दुसऱ्याच दिवशी पश्चिम सीमेवर युद्धविराम झाला. मंडळातील एक निवृत्त सुभेदार तेथे बसले होते. ते एवढेच बोलले, "बाळांनो, नळीच्या मध्यावर तो फुगवटा असतो ना, तो तोफेचा धूर आतल्या माणसांकडे येऊ नये म्हणून. बाहेरचा धूर तुम्ही पाहता. आतला ज्याने पाहिला, त्याला त्याचा खेळ करवत नाही."

मुले गप्प झाली. पेटलेला रणगाडा दाखवायचा नाही, हे त्यांनीच ठरविले. देखाव्यात तोफ तीनदा झडली, तीनदा धूर उठला, मग दिवे मंदावले आणि एक समई तेवत राहिली. त्या क्षणी मंडपात टाळ्या वाजल्या नाहीत, आणि तेच आम्हांस उचित वाटले.

तो रणगाडा आज नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे. तेथेच १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालयही आहे. सुटीत महाराष्ट्रात जाल तेव्हा मुलांना ते अवश्य दाखवा. आमच्या खेळण्याचा धूर केव्हाच विरला. ज्यांनी तो खटका दाबला, त्यांच्या मनात त्या एकवीस वर्षांच्या तरुणाची आठवण उरावी, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.