वजनकाट्यावरचा खरा आकडा

१६ तालुक्यांतून आलेल्या सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका व बालवाडीच्या ताईंनो,

पांढऱ्या सोन्याच्या या यवतमाळ जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करते. झरी जामणी, उमरखेडहून पहाटेची एसटी धरून आलेल्यांचं विशेष.

बालशिक्षणातली व्यावसायिक नीती हा परिषदेचा विषय. यवतमाळला तो पुस्तकातून भेटलेला नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ मोहिमेत, घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी इथे पाच वर्षांखालच्या १२ बालकांना डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं बचावली, कारवाई झाली. मला मात्र त्या लेकरांनी उघडलेली तोंडं आठवतात. बाटलीवर काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं. ‘आ कर’ म्हटलं, त्यांनी ‘आ’ केला. आपल्या कामातली सगळी नीती त्या विश्वासाला जागण्यात आहे.

तो विश्वास रोज पणाला लागतो, आणि बहुतेक वेळा पाहायला कुणी नसतं. वजनाचा दिवस घ्या. लेकरू काट्यावर रडतं, हातपाय झाडतं, काटा स्थिर होत नाही. बाहेर आया खोळंबलेल्या, कापूस वेचायला जायचंय. मागच्या महिन्याच्या आकड्यात थोडी भर घालून नवा लिहिणं अगदी सोपं. तीव्र कुपोषित मूल दाखवलं की वरून विचारणा होते, ही भीतीही असते. पण त्या खोट्या आकड्याने मूल कागदावर सुधारतं आणि ग्राम बाल विकास केंद्रातल्या जादा आहाराला मुकतं. ते तक्रार कुठे करणार? म्हणून खरी नोंद करणाऱ्या सेविकेच्या पाठीशी पर्यवेक्षिकेने उभं राहिलं पाहिजे. एकटीच्या प्रामाणिकपणावर एवढा भार टाकणं मला मान्य नाही.

भाषेचंही तसंच. कोलाम पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल घरी कोलामी बोलतं. अंगणवाडीत ते गप्प बसलं की आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मूल बालवाडीत येईना, तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. तसंच आपणही कोलाम मुलाच्या भाषेतले चार शब्द तरी शिकू या.

आणि शासनाच्या प्रतिनिधींना एक सांगणं. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं. नीतीची अपेक्षा करणाऱ्यांनी सेविका-मदतनिसांचं देणंही वेळेवर द्यावं.

दुपारच्या गटचर्चेत वजनाच्या नोंदींबद्दल मोकळेपणाने बोला. तिथे कुणाचं नाव टिपलं जाणार नाही, ही हमी स्वागत समिती देते. अध्यक्षांनी उद्घाटन करावं, अशी विनंती करते.