सहा जण, एक पासवर्ड

आजचा विषय डेटाबेसमधले रोल्स आणि परमिशन्स. अर्धे जण आत्ताच पुढचा भाग लावायला निघाले असतील. थांबा, आधी किस्सा ऐका.

बीटेक झाल्यावर पुण्यात पहिली नोकरी लागली. डेटाबेस होता पोस्टग्रेस. टीममध्ये आम्ही सहा जण, आणि सहाही जण आत शिरायचो एकाच नावाने. ते नावही 'पोस्टग्रेस'च, म्हणजे इन्स्टॉल करताना तयार होतो तो सुपरयूजर. पासवर्ड ग्रुपवर पिन केलेला. सोय केवढी!

एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर दोन टर्मिनल उघडी होती, एक टेस्टिंगचं, एक प्रॉडक्शनचं. टेस्टिंगमधलं ऑर्डर्सचं टेबल रिकामं करायचं होतं. डिलीट लिहिलं, एंटर मारलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर ऑफिसात गोंधळ. प्रॉडक्शनमध्ये एकही ऑर्डर शिल्लक नाही. लॉगमध्ये यूजरचं नाव छापायची सोय आम्ही केलेली होती, पण प्रत्येक ओळीत नाव एकच, 'पोस्टग्रेस'. मग संशय कुणावर? आमच्याकडे एक इंटर्न होता. त्याने त्याच दुपारी पासवर्ड मागितला होता. झालं! तासभर त्या पोराला प्रश्न विचारत होते. तो सारखं म्हणत होता, "मी फक्त बघत होतो." आणि मीही तिथेच उभा राहून त्याच्याकडे संशयाने बघत होतो. मग सहज माझं टर्मिनल वर सरकवलं आणि पोटात गोळा आला. खिडकी चुकली होती.

सांगितलं सगळ्यांना. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. त्या दिवसाच्या ऑर्डरी पेमेंटच्या नोंदींवरून हाताने भरल्या, रविवार संध्याकाळपर्यंत. मॅनेजर म्हणाले, "लक्ष देऊन काम करत जा." बरोबरच आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी माणसाचं लक्ष उडणारच, आणि तेवढ्यावर सगळ्या ऑर्डरी टांगलेल्या होत्या, हे कुणी बोललंच नाही.

आता हे टाळायचं कसं? पोस्टग्रेसमध्ये यूजर आणि ग्रुप असे वेगळे प्रकार नाहीत. २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून सगळे रोलच. ज्या रोलला लॉगिनची मुभा, तो यूजर. तर आधी लॉगिन नसलेले दोन-तीन रोल करायचे, समजा 'वाचक' आणि 'लेखक'. परमिशन्स त्यांना द्यायच्या. मग प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचा लॉगिन रोल आणि त्याला 'वाचक' ग्रँट करायचा. माझ्याकडे त्या दिवशी प्रॉडक्शनवर फक्त 'वाचक' असता, तर 'परमिशन डिनाइड' एवढंच आलं असतं. चहा सुखाने प्यायलो असतो. सुपरयूजरच्या बाबतीत ही तपासणीच होत नाही, तो थेट आत.

हे करायला बसलात की दोन ठिकाणी अडकाल. मी दोन्हीकडे अडकलो.

पहिलं, टेबलवर सिलेक्ट दिलं तरी वाचता येत नाही. कारण टेबल ज्या स्कीमामध्ये आहे, तिच्यावर युसेज लागतं. फ्लॅटची किल्ली आहे, पण सोसायटीचं गेट बंद, असा प्रकार.

दुसरं जास्त छळतं. 'स्कीमामधल्या सगळ्या टेबलांवर सिलेक्ट द्या' अशी कमांड आहे. तुम्ही ती चालवता, खूश होता. पुढच्या आठवड्यात नवीन टेबल येतं आणि रिपोर्टवाली ताई फोन करते, "अरे, मला दिसत नाहीये." कारण 'सगळ्या' म्हणजे त्या क्षणी होती तेवढीच. पुढे होणाऱ्या टेबलांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं. त्यातही मेख अशी की ते एका विशिष्ट रोलने बनवलेल्या टेबलांनाच लागू होतं. मी माझ्या नावाने चालवलं होतं आणि टेबलं बनवत होता मायग्रेशनचा रोल! दोन दिवस गेले माझे. त्यामुळे टेबलं नेहमी एकाच रोलने बनवायची आणि कमांड देताना त्याचं नाव घ्यायचं.

ॲपला मालकीचा रोल देऊ नका, हेही सांगून ठेवतो. टेबल ड्रॉप करायचा हक्क मालकाकडे असतोच. ॲपला रोजच्या कामात तो कशाला हवा?

आणि तुमचा सर्व्हर २०२२ च्या १५ व्या आवृत्तीआधीचा असेल, तर पब्लिक स्कीमामध्ये कुणीही टेबल बनवू शकतो. १५ पासून नवीन डेटाबेसमध्ये हे बंद आहे, पण जुना डेटाबेस अपग्रेड करून आणला असेल तर जुनीच परवानगी सोबत येते. रिव्होक तुम्हालाच करावं लागतं.

आज घरी गेल्यावर एक करा. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डी यू टाइप करा, सगळे रोल दिसतील. सध्याच्या नोकरीत मी पहिल्यांदा ती यादी काढली तेव्हा सुपरयूजर होते नऊ. त्यातला एक माणूस दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. ड्रॉप करायला गेलो तर पोस्टग्रेस नाही म्हणालं, कारण पगाराचं टेबल त्याच्या मालकीचं होतं. 'रीअसाइन ओन्ड' करून मालकी बदलली, उरलेल्या परमिशन्स 'ड्रॉप ओन्ड'ने काढल्या, तेव्हा कुठे तो गेला. तुमच्या यादीत किती निघाले, ते मेसेज करून सांगा.