एक कोटी उचलून पळता येईल का?

तारकर्लीतून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येतोय, तो एडिट करणार नाहीये.

पिक्चरमध्ये व्हिलन एका हाताने कोटीची ब्रीफकेस उचलतो. खरंच जमेल का? हिशोब करूया. कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. झेरॉक्सच्या रिमवर '७५ जीएसएम' छापलेलं असतं ना, तेच. ए-फोरचे १६ कागद जोडले की एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर ५ ग्रॅमचा. (अमेरिकेत मात्र '२० पाउंड कागद' म्हणतात, तिथे १७ बाय २२ इंचांच्या ५०० कागदांचं वजन धरतात. डोक्याला ताप नुसता.)

पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर. कागद साधारण ९० जीएसएम धरला तर एक नोट ०.९ ग्रॅम. कोटीच्या २०,००० नोटा, म्हणजे १८ किलो. पळता येईल, पण स्टाईल मारता येणार नाही.

आता उलट बघा. चांदीचा जुना रुपया तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. असे पाचशे म्हणजे जवळपास सहा किलो! कागदी पैशाचा जन्मच या ओझ्यातून झालाय. चीनमध्ये सिचुआनला जड लोखंडी नाणी चालायची. व्यापारी ती पेढीवर ठेवून पावत्याच फिरवायला लागले आणि ११व्या शतकात सरकारनेच तो कारभार हातात घेतला. आपल्याकडे सरकारी नोटा १८६१च्या कायद्याने आल्या, त्या इंग्लंडहून छापून यायच्या. १९२८मध्ये नाशिकला पाच रुपयांची नोट छापली आणि १९३२पर्यंत सगळ्याच नोटा नाशकात छापल्या जाऊ लागल्या.

आता आपल्या किनाऱ्याचं. कागद हवेतला ओलावा पितो, पापडासारखा सादळतो. म्हणून लॅबमध्ये जीएसएम मोजताना २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता ठेवतात. आमच्या जुलैत तोच कागद काट्यावर जास्त भरेल. नोट मात्र कापसाच्या तंतूंची असते, त्यामुळे पँटीसोबत धुतली तरी लगदा होत नाही.

पण फाटते. नेटवर्क गेलं, यूपीआय बंद पडलं की बोटवाल्यांच्या हातात अशाच ओल्या, फाटक्या नोटा येतात, आणि मग कोणीतरी पाचशेची चारशेला घेतो. कशाला विकायची? रिझर्व्ह बँकेचा नियम क्षेत्रफळावर चालतो. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. पाचशेची नोट उभी फाटली असेल तर पट्टी लावा: १५ पैकी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त उरली असेल तर पूर्ण पाचशे. कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे खातं लागत नाही. मुद्दाम कापलेली असेल तर मात्र नाकारतात.

आणि भिजून गठ्ठाच चिकटला असेल तर ओढून सोडवू नका. तसाच रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्यायचा.

चला, पुढच्या भागात नाणी. भेटूच!