सहव्याधी आणि मृत्यूचं कारण



आपल्याकडे कुणी गेल्याचं कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला : "काय झालं होतं?" कोरोनाच्या दिवसांत त्याला शेपूट जोडलं गेलं : "शुगर होती का? बीपी?" उत्तर 'हो' आलं, की विचारणाऱ्याला जरा हायसं वाटायचं. आपल्याला तर काही नाही!

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये सरकारदरबारी गेला. आधीचा कुठलाही आजार नसलेली किती माणसं कोविडने दगावली, असं तिथल्या माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला विचारलं गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर आलं : इंग्लंड आणि वेल्समध्ये, सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत, १७,३७१. झालं! 'खरे बळी एवढेच, बाकी सगळा फुगवटा' असा बोभाटा सुरू झाला. वास्तविक त्याच काळात कोविड हेच मूळ कारण म्हणून नोंदलेले मृत्यू एक लाखाहून कितीतरी अधिक होते. अखेर जानेवारी २०२२ मध्ये त्या कार्यालयाला जाहीर खुलासा करावा लागला.

गफलत कुठे झाली, ते डॉक्टर भरतात त्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेला हा कागद तिथे आणि इथे जवळपास सारखाच. त्याचे दोन भाग. पहिल्या भागात घटनांची साखळी उलटी लिहायची. वरच्या ओळीत, समजा, 'श्वसनक्रिया बंद'. ती कशामुळे? खाली 'न्यूमोनिया'. तो कशामुळे? त्याखाली 'कोविड'. ही तळाची ओळ म्हणजे मूळ कारण, आणि मृत्यू मोजला जातो तो तिच्या नावावर. दुसऱ्या भागात साखळीबाहेरचे, पण हातभार लावणारे आजार, म्हणजेच सहव्याधी : मधुमेह, दमा, हृदयविकार. तिथे 'मधुमेह' लिहिला, की तो माणूस १७,३७१ मधून वगळला जातो. तळाच्या ओळीतला कोविड मात्र जागचा हलत नाही.

अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये असाच घोळ झाला होता. फक्त कोविडची नोंद असलेले दाखले ६ टक्केच आहेत, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीत होतं. पण उरलेल्या दाखल्यांवरच्या नोंदींत न्यूमोनिया होता, श्वसन निकामी झाल्याचा उल्लेख होता. हे तर कोविडनेच घडवलेलं! लोकांनी परिणामालाच आधीचा आजार ठरवून टाकलं.

आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्येच डॉक्टरांना बजावलं होतं, की मधुमेह किंवा दमा हे कोविड मृत्यूचं मूळ कारण म्हणून लिहू नका. याच परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सकाळी चहाआधी गोळी घेऊन ही माणसं कामाला जातात, नातवंडं सांभाळतात, वर्षानुवर्षं जगतात.

तेव्हा यापुढे कुणी म्हणालं, "ते आधीच आजारी होते," तर वाद घालू नका. एवढंच विचारा : मग इतकी वर्षं त्या आजाराने ते का गेले नाहीत?