दोन दारांची खोली

मुलाला वसतिगृहात पोचवायला गेलात, की तुम्ही आधी काय पाहता? दाराची कडी! कोयंडा हलवून बघता, भक्कम कुलूप आणता आणि निश्चिंत मनाने गाडीत बसता. पण कुलूप राखते ते सामान, तेही मुलगा बाहेर गेल्यावर. तो आत अभ्यासाला बसला म्हणजे त्याचा एकांत कोणी राखायचा?

केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत याची नामी सोय आहे. तिथे एका जिन्याभोवती मोजक्याच खोल्या, आणि पुष्कळ खोल्यांना एकापुढे एक दोन दारे. बाहेरच्या दाराला म्हणतात 'ओक'. ओक उघडा असेल तर आतले दार खुशाल ठोठवा. लावलेला असेल तर मुकाट्याने परत फिरा. त्यात राग नाही की अपमान नाही. १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले आपले रघुनाथराव परांजपे तिथल्याच सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी.

आपल्याकडे बहुधा एका खोलीत दोघे-तिघे, आणि दार एकच. दुसरे दार कुठून आणणार? पण संकेत तर ठरवता येईल! दारावर एक पाटी अडकवा. ती दिसली की कोणी हाक मारायची नाही. आणि बरे का, थट्टेने बाहेरून कडी कधीच घालू नका. रात्री आग लागली तर आतला कोंडून मरेल.

कुलूप चोरासाठी असते. मित्रांसाठी दारावरची एक टकटक आणि क्षणभर थांबणे पुरते.