चेंडू कोणता, ठोकळा कोणता?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. या वादाला लागणारे सामान तुमच्या घरातही सापडेल. एक चेंडू आणि लहान मुलांच्या खेळातला एक ठोकळा, एवढेच.

मी बरीच वर्षे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले. 'बुद्धिवाद आणि अनुभववाद' हे प्रकरण आले की फळ्यावर दोन रकाने आखायचे, हा माझा शिरस्ता. डावीकडे देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ. उजवीकडे लॉक, बर्कली, ह्यूम. आपल्याकडे बुद्धिवादी म्हटले की अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे अर्थ वेगळा आहे. भरवशाच्या ज्ञानाचा पाया बुद्धीतच असतो, इंद्रिये फसवतात, असे डावीकडच्यांचे म्हणणे. उलट, जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते आणि जे काही उमटते ते अनुभवाने, असे लॉकचे म्हणणे. मुले निमूट उतरवून घेत. परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न ठरलेलाच असे.

एके वर्षी पहिल्या बाकावर जन्मांध विद्यार्थी होता. मी बोलत असताना त्याच्या ब्रेल पाटीवर टोचणीचा टकटक आवाज चालू असे. त्या दिवशी तो आवाज थांबला. त्याने विचारले, ''सर, अनुभवानेच पाटी भरत असेल, तर माझी पाटी अर्धी कोरीच राहायची का?''

वर्ग चिडीचूप झाला. मी म्हणालो, ''अरे, लॉक एकट्या डोळ्यांबद्दल बोलत नाही, सगळ्याच इंद्रियांबद्दल बोलतो.'' उत्तर चुकीचे नव्हते, पण त्याच्या प्रश्नाचेही नव्हते. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, हे आज कबूल करतो.

खरे तर हाच प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी लॉकलाही विचारला गेला होता. विचारणारा होता डब्लिनचा विल्यम मॉलिन्यू. प्रकाशशास्त्राचा अभ्यासक. त्याची पत्नी लग्नानंतर थोड्याच काळात आंधळी झाली होती. १६८८ मध्ये त्याने लॉकला पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही. पुढे दोघांची मैत्री जमली आणि १६९३ मध्ये त्याने तोच प्रश्न पुन्हा घातला. समजा, एक जन्मांध माणूस आहे. हाताने चाचपून चेंडू कोणता आणि ठोकळा कोणता, हे तो बिनचूक सांगतो. मोठेपणी त्याला अचानक दृष्टी आली. दोन्ही वस्तू समोर टेबलावर आहेत. हात न लावता, नुसते पाहून तो त्या ओळखेल का?

मॉलिन्यूचे स्वतःचे उत्तर होते, नाही. लॉकलाही ते पटले आणि १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हा प्रश्न छापला. हाताला बोचणारा कोपरा डोळ्यांना कसा दिसतो, हे अनुभवानेच शिकावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद. बर्कली १७०९ मध्ये आणखी पुढे गेला. त्याच्या मते डोळ्यांचे जग आणि हाताचे जग मुळातच वेगळे. सवयीने आपण त्यांची सांगड घालतो.

लायब्निझने मात्र 'होय' म्हटले, पण एका अटीवर. समोर चेंडू आणि ठोकळा आहे, एवढे त्या माणसाला आधी सांगा आणि विचार करायला वेळ द्या. चेंडूला कोपरा नसतो, ठोकळ्याला आठ असतात. भूमिती डोळसांची वेगळी आणि आंधळ्यांची वेगळी नसते. तेव्हा तो बुद्धीने ताडून ओळखेल. हे लिहून झाले, तोवर १७०४ मध्ये लॉक वारला. उत्तर द्यायला प्रतिपक्षी उरला नाही, म्हणून लायब्निझने ग्रंथ बाजूला ठेवला. तो छापला गेला १७६५ मध्ये, त्याच्याही मृत्यूनंतर.

दरम्यान १७२८ मध्ये चेसल्डन या लंडनच्या शल्यविशारदाने एक हकीगत प्रसिद्ध केली. तेराएक वर्षांच्या मुलाच्या मोतीबिंदूवर त्याने शस्त्रक्रिया केली होती. मुलाला दिसू लागले, पण दिसते ते काय आहे, हे कळेना. सगळ्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. घरातले मांजर कोणते आणि कुत्रे कोणते, हे तो विसरे. शेवटी एकदा त्याने मांजराला धरून चाचपले, मग निरखून पाहिले आणि आता तुला ओळखीन, असे त्यालाच बजावले. अनुभववाद्यांना आनंद झाला. पण शस्त्रक्रियेनंतर त्याचे डोळे नीट काम तरी करत होते का, अशी शंका लोकांनी काढली आणि वाद तसाच राहिला.

पुढचा महत्त्वाचा पुरावा आला तो आपल्या देशातून. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यापाड्यांत जन्मापासून न दिसणारी, पण उपचार होऊ शकणारी मुले शोधायची आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची. अशांपैकी आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची चाचणी त्यांनी व सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत मुलांना खेळातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. पाहिलेला आकार पुन्हा पाहून ओळखणे त्यांना छान जमले; म्हणजे दिसत होते. पण हाताने चाचपलेला आकार नुसत्या नजरेने ओळखायला सांगितले, तेव्हा उत्तरे जवळजवळ छापा-काटा केल्यासारखी आली.

म्हणजे लॉक जिंकला? थांबा. काही मुलांची चाचणी थोड्याच दिवसांनी पुन्हा घेतली, तेव्हा त्यांची उत्तरे बरीच सुधारली होती. कोणी शिकवणी दिली नव्हती. वर्षानुवर्षे अंधारात असलेले मन इतक्या लवकर हात आणि डोळे यांची जोडणी करते, ते नुसते कोऱ्या कागदाचे काम वाटत नाही. शिवाय लायब्निझची अट होती विचार करायला वेळ देण्याची, आणि ती इथे तपासलेली नव्हती. त्यामुळे फळ्यावरचे माझे दोन रकाने मला आता तितके सरळ वाटत नाहीत.

आणि त्या मुलाचा प्रश्न? त्याला मी निकोलस सॉन्डरसनची गोष्ट सांगायला हवी होती. वर्षभराचा असताना देवीच्या आजाराने सॉन्डरसनचे डोळे गेले. पूर्वी न्यूटनने भूषवलेल्या केंब्रिजच्या गणिताच्या पदावर १७११ मध्ये त्याची निवड झाली, आणि हा गृहस्थ डोळस विद्यार्थ्यांना प्रकाशशास्त्र शिकवत असे. मला ही गोष्ट ठाऊक होती. त्या तासाला ती सुचली नाही, आणि नंतर मी विषय काढला नाही. तो विद्यार्थी चांगल्या गुणांनी पास होऊन गेला, पण आपली पाटी अर्धी कोरी नाही, हे त्याला माझ्या तोंडून ऐकायला मिळाले नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लहानपणीची ठरावीक वर्षे उलटली की शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असे डॉक्टरमंडळीही पूर्वी मानत. दिल्लीतल्या कामाने तो समज हलवला. उपचार लवकर झाले तर उत्तमच, पण उशीर झाला म्हणून सगळेच संपले असे नसते. तुमच्या ओळखीत जन्मतः मोतीबिंदू असलेले मूल असेल, तर आता मोठे झाले म्हणून सोडून देऊ नका. नेत्रतज्ज्ञाला एकदा दाखवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)