काटा लाल रेषेकडे निघाला तर? : जुन्या गाडीचं तापणारं इंजिन

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा आहे, त्यांच्यासाठी हे बोलणं इथे जवळपास जसंच्या तसं लिहून देतोय. फोन हातात असेल आणि गाडी झाडाखाली वाफा सोडत उभी असेल, तर थेट तिसऱ्या परिच्छेदावर जा. बाकीचं नंतर निवांत वाचा.

विषय आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी ओळखीचा. एप्रिल-मे महिना, लग्नसराई, घरची जुनी मारुती 800 किंवा ओम्नी, नाहीतर काकांची सुमो, मार्शल. पाच जणांच्या गाडीत सात जण, वर आहेराची भांडी, आणि आमगावहून देवरीकडे भर दुपारी प्रवास. मारुती 800 आली 1983 मध्ये, तिचं उत्पादन थांबलं 2014 मध्ये. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी 800 सुद्धा दहा वर्षांच्या वरची. अशा गाडीचं इंजिन तापलं की दोनच गोष्टी होतात. चालक पहिल्या पाच मिनिटांत थांबला, तर खर्च एखाद्या पाईपचा किंवा बेल्टचा. ‘आता गाव आलंच’ म्हणून ओढत नेली, तर हेड उतरवावं लागतं, फेसिंग मारावं लागतं, आणि जुन्या गाडीत तो खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या गळ्याशी येतो. ज्या घराची रोजी त्या गाडीवर चालते, त्या घराला हा फरक फार मोठा आहे.

तर आधी रस्त्यावरचं. काटा मधून वर सरकताना दिसला की लगेच एसी बंद करा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा लालकडे गेला, वाफ दिसली, किंवा डॅशवर तापमानाचा दिवा लागला, तर रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. महामार्गावर असाल तर चारी इंडिकेटर लावा आणि मुलांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेच्या आत उभं करा. बोनेटमधून वाफ येत असेल तर ती ओसरू द्या, मग बोनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. किमान अर्धा तास नाही. वरचा पाईप हाताला सहन होईल इतका थंड झाला, दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडकं ठेवून हळूहळू फिरवा. आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाण्याची बाटली ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं, हेडला चीर जाऊ शकते.

झाकणाची एवढी भीती का? पाणी उघड्या भांड्यात 100 अंशांना उकळतं. पण रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिटीसारखं आहे, आतला दाब धरून ठेवतं. झाकणावर 0.9 लिहिलेलं असेल तर त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत 110 अंशांचं पाणी शांत बसलेलं असतं. तुम्ही झाकण काढलं की दाब गेला, आणि त्याच क्षणी ते उसळून तुमच्या तोंडावर येतं. चेहरा आणि हात भाजण्याचे प्रकार असेच होतात.

आता यंत्रणा समजून घेऊ. आपल्याकडचा मामा तलाव डोळ्यासमोर आणा. तलावाला पाळ असते, आणि पाणी सोडायला तुडूम असतं. तुडूम बंद तर पाणी आत, उघडलं तर पाटाने बांधीपर्यंत. गाडीत तुडुमाचं काम थर्मोस्टॅट करतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देतो. पाणी ढकलतो वॉटर पंप, ज्याला आपले मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात. रेडिएटरवर हवा मारतो पंखा. दाब धरतं झाकण. एवढीच माणसं कामाला आहेत. यातला कोण सुट्टीवर गेला, हे शोधायचं.

शोधायला महागडं मशीन लागत नाही, तीन प्रश्न पुरतात. पहिला: कधी तापते? रेल्वे फाटकावर किंवा गोंदियाच्या बाजारात उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धावली की काटा खाली येतो, तर दोष हवेचा, म्हणजे पंख्याचा. धावताना हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला पंखाच आधार. पंखा विजेवरचा असेल तर फ्यूज, रिले, पंख्याचा स्विच आणि मोटर याच क्रमाने बघा. जुन्या जीपमध्ये पंखा इंजिनवर बेल्टने फिरतो, तिथे बेल्ट सैल आहे का बघा. अर्थात हे सगळं इंजिन बंद करूनच. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, बोटं आणि ओढणी लांब ठेवा.

उलट, गावात ठीक आणि महामार्गावर भरल्या गाडीत चढाला तापते, तर रेडिएटर पुरेसं काम करत नाही. इथे आपल्या भागातलं खास कारण आहे. धानाची मळणी, राईस मिलच्या आसपासचा कोंडा, कच्च्या रस्त्यावरची धूळ. हे सगळं रेडिएटरच्या जाळीत, आणि एसी असेल तर त्याच्या जाळीत आणि रेडिएटरमधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मधे कोंड्याची गादी झालेली असते. गाडी थंड असताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेचं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात, मग हवा कायमची अडते.

आणि सकाळी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा लाल, पण रेडिएटर मात्र थंडच? तर तुडूम उघडलंच नाही. थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर वॉटर बॉडी पाणी फिरवत नाही, नाहीतर पाण्याने एअर धरलीय.

दुसरा प्रश्न: पाणी कमी होतं का? होत असेल तर गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते कळतं. पाईपच्या क्लॅम्पजवळ पांढरे-हिरवे डाग, वॉटर बॉडीखालून थेंब, किंवा गाडीत गोडसर वास आणि पुढच्या पायदानाखाली ओल असेल, तर हीटरची जाळी गळतेय. झाकणाचं रबर फाटलं असेल तरी पाणी उडून जातं. झाकण सगळ्यात स्वस्त भाग आहे, आधी तेच बदलून बघा.

तिसरा प्रश्न: बाहेर गळती नाही, तरी पाणी जातं कुठे? हा प्रश्न जड आहे. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का? ऑईलची पट्टी ओढल्यावर ऑईल दुधाळ दिसतं का? थंड गाडी झाकण उघडून सुरू केली की रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत का? सुरू करताच पाईप दगडासारखा कडक होतो का? यातलं काही असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळेही येतो, त्यामुळे निर्णय पट्टी बघून करा.

आणखी एक फसवी खूण. वर गेलेला काटा अचानक खाली आला, तर आनंद मानू नका. पाणी पूर्ण संपलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो.

आता दोन सल्ले, जे टपरीवर हमखास मिळतात. एक: ‘थर्मोस्टॅटच काढून टाका.’ गाडी एखाद वेळी थंड राहीलही, पण मग इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेने फिरतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवा, थर्मामीटर लावा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडला तर ठीक, नाही तर नवा घाला. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

दुसरा: ‘कूलंट कशाला, बोअरचं पाणी आहे ना.’ अडचणीत घरी पोहोचायला चालेल. पण बोअरच्या जड पाण्याचा थर किटलीच्या तळाला बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. तयार मिळणारं कूलंट सरळ ओता, घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळा, आणि वेगवेगळ्या जातीचं एकत्र करू नका. भरताना गाडी थंड, पुढचा भाग जरा उंचावर, हीटर गरमवर, झाकण उघडं. इंजिन चालू ठेवा, पातळी खाली गेली की भरत राहा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. म्हणजे एअर निघते.

जुनं कूलंट बांधीत किंवा नालीत ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं चाटतं, गुरं पितात, आणि मरतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

मिस्त्रीकडे जाताना फक्त ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नका. उभी असताना की धावताना, किती वेळाने, पाणी किती कमी झालं, हे फोनवर लिहून न्या. खूण नीट सांगितली की मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत बसत नाही, आणि तुमचे पैसे वाचतात. आठवड्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटची बाटली, बेल्ट आणि पाईप बघायला दोन मिनिटं लागतात.

लग्नाला जाणारी गाडी आज कुणाच्या घरून निघणार असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. पुढच्या वेळी जुन्या गाडीच्या ब्रेकबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा, नमस्कार!